दृग्दृश्यविवेक : पोथी लहान, पण आवृत्ती पारखून घ्या

वेदान्ताचा अभ्यास करायचा म्हणून थेट ब्रह्मसूत्रांवर किंवा उपनिषदांच्या भाष्यांवर उडी घेणारे पुष्कळ जण मध्येच थांबतात. पारिभाषिक शब्दांचं ओझं एकदम अंगावर येतं आणि मूळ प्रश्न, म्हणजे आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो नेमका कोण, तो बाजूलाच राहतो. अशा वाचकाने आधी ‘दृग्दृश्यविवेक’ घ्यावा, म्हणजे पाहणारा आणि पाहिलं जाणारं वेगळं करून दाखवणारी पोथी. हा अनुष्टुभ छंदातला ४६ श्लोकांचा प्रकरणग्रंथ, म्हणजे वेदान्तातला एखादा विषय थोडक्यात मांडणारा ग्रंथ, आहे. ‘वाक्यसुधा’ हे याचंच दुसरं नाव, त्यामुळे चुकून दोन प्रती विकत घेऊ नका. याला मंगलाचरण नाही, लांबलचक प्रस्तावना नाही, पहिल्या ओळीपासून विषय सुरू होतो. मात्र पोथी जितकी थेट, तितकीच ती सोबतच्या विवरणावर अवलंबून आहे. वाईट विवरणासकट घेतली तर चार सुभाषितं पाठ होतील, विवेक हाती लागणार नाही.

मुखपृष्ठावर लेखकाचं नाव कधी आद्य शंकराचार्य, कधी भारतीतीर्थ, तर कधी विद्यारण्य असं दिसेल. ग्रंथ तोच आहे. जुन्या टीकाकारांचंच याबाबत एकमत नाही. ब्रह्मानंद भारतींची टीका ग्रंथ भारतीतीर्थांचा मानते, तर आनंदज्ञानांच्या नावावरची टीका तो शंकराचार्यांकडे देते. भारतीतीर्थ हे १४व्या शतकातले शृंगेरी पीठाचे आचार्य आणि त्यांच्यानंतर ती गादी विद्यारण्यांकडे गेली. चिदाभास, विक्षेप आणि आवरण, अस्ति-भाति-प्रिय ही इथली सगळी मांडणी (या संज्ञांचे अर्थ पुढे येतील) पंचदशी या याच दोघांशी जोडल्या गेलेल्या वेदान्तग्रंथाच्या इतकी जवळची आहे की शृंगेरीच्या या जोडीकडेच कर्तृत्व जातं, असं मानणं जास्त पटतं. अभ्यासाला त्याने काही फरक पडत नाही.

ग्रंथाचा प्राण पहिल्या पाच श्लोकांत आहे. पहिला श्लोक तीन पायऱ्या देतो. रूप हे दृश्य आणि डोळा द्रष्टा. मग तोच डोळा दृश्य आणि मन द्रष्टा. मग मनातल्या वृत्ती, म्हणजे उठणारे विचार आणि भाव, दृश्य आणि साक्षी, म्हणजे त्यांना जाणणारं चैतन्य, द्रष्टा. साक्षी मात्र पाहणाराच राहतो, तो कधी पाहिला जात नाही. पुढचे श्लोक एकेका पायरीचा आधार देतात. निळं-पिवळं, जाड-बारीक, आखूड-लांब अशी रूपं बदलत जातात, पाहणारा डोळा तोच. डोळ्याचं आंधळेपण, मंदपण, तीक्ष्णपण बदलतं, ते ओळखणारं मन तेच. इथेच तिसऱ्या श्लोकात एक छोटी सूचना आहे, जी बहुतेक वाचक ओलांडून जातात: हाच विचार कान, त्वचा आणि बाकीच्या इंद्रियांनाही लावा. ती पाळल्याशिवाय चौथ्या श्लोकाकडे जाऊ नये.

ती पाळायची कशी, हे चांगल्या विवरणात उदाहरणांसह असायला हवं. चष्मा काढला की समोरचं पान धूसर होतं. ‘पानावरची शाई पसरली’ असं कोणी म्हणत नाही, ‘मला नीट दिसत नाही’ असंच म्हणतो. म्हणजे दोष डोळ्याचा आहे हे कळलं, आणि ज्याला कळलं ते डोळ्याच्या अलीकडचं आहे. कानात दडा बसला की ऐकू कमी येतं, पण दडा बसलाय हे स्वच्छ कळतं. थंडीने बोटं बधिर झाली तर स्पर्श कळत नाही, बधिरपणा कळतो. प्रत्येक इंद्रियाचा असा एकेक बिघाड घेऊन तपासलं की ‘इंद्रिय हे दृश्य आहे’ हे वाक्य मानण्यापुरतं उरत नाही, ते दिसायला लागतं. पाचही इंद्रियं सलग करावीत. जीभ आणि नाक राहून जातात. सर्दीत चव गेलेली कळते, तिथून त्यांना धरता येतं.

चौथ्या श्लोकात मनाच्या वृत्तींची यादी येते: काम, संकल्प, संशय, श्रद्धा, अश्रद्धा, धृती, अधृती, लाज, बुद्धी, भीती. ती बृहदारण्यकोपनिषदातल्या १.५.३ या मंत्रावरून घेतली आहे आणि तिथे हे सगळं मनच आहे असं स्पष्ट म्हटलंय. सुरुवात संशयापासून करावी. काम किंवा भीती माणसाला सोबत ओढून नेतात आणि त्यांच्याकडे पाहायला फुरसतच मिळत नाही. संशय सावकाश चालतो. ‘दाराला कुलूप लावलं की नाही?’ अशी साधी शंका घ्या. शंका आहे हे कळतंय, आणि हे कळणं शंकास्पद नाही. एवढं पकडता आलं की चौथा श्लोक कळला. श्रद्धा आणि अश्रद्धा या दोन्ही त्या यादीत आहेत, हेही नजरेतून सुटू देऊ नये. साक्षीच्या दृष्टीने श्रद्धासुद्धा दृश्यच आहे.

आता नेमकं कुठे बिघडतं ते. ‘साक्षी’ हा शब्द वाचला की वाचक मनात एक निरीक्षक उभा करतो. तो विचारांकडे लक्ष ठेवतो, थोड्या वेळाने दमतो, मध्ये चुकतो आणि चुकला की खंत करतो. हा साक्षी नव्हे, ही मनाचीच आणखी एक वृत्ती आहे. कसोटी पाचव्या श्लोकात दिलेली आहे: ही चिती, म्हणजे शुद्ध जाणीव, उगवत नाही, मावळत नाही, वाढत नाही, घटत नाही, आणि दुसऱ्या कशाच्याही मदतीशिवाय बाकीचं प्रकाशित करते. जो निरीक्षक सकाळी आसनावर बसताना सुरू झाला आणि उठताना संपला, तो उगवला आणि मावळलाही. म्हणून तोही दृश्याच्या बाजूला टाकायचा. पण मग त्याला पाहणारा आणखी एक, त्याच्यामागे आणखी एक, अशी रांग लावायची नाही. अशाने अनवस्था, म्हणजे कधी न संपणारी साखळी, होते. पाचवा श्लोक साक्षीला स्वयंप्रकाश म्हणतो तो यासाठीच. त्याला जाणायला दुसरं जाणणं लागत नाही. विवरणकाराने इथे अनवस्थेचा आक्षेप घेऊन त्याचं उत्तर दिलेलं नसेल तर ती आवृत्ती नवख्याच्या कामाची नाही.

सहावा आणि सातवा श्लोक चिदाभासाची ओळख करून देतात. चैतन्याची छाया बुद्धीवर पडते, त्याने बुद्धी चेतन भासते. अहंकार आणि ही छाया यांची एकी तापलेल्या लोखंडी गोळ्यासारखी: लोखंड जाळतंय असं वाटतं, जाळतो अग्नी. हा दृष्टान्त वेदान्तात सगळीकडे भेटतो. त्याच्यावर पानंच्या पानं खर्च करणारी विवरणं आहेत आणि मग आठव्या श्लोकाला दोन ओळी उरतात. इथे उलटं व्हायला हवं होतं.

कारण आठवा आणि नववा हे या पोथीतले सगळ्यांत उपयोगी श्लोक आहेत. अहंकाराचं तादात्म्य, म्हणजे ‘हेच मी’ असं एकरूप होणं, तिघांशी आहे आणि तिन्ही वेगळ्या जातीची आहेत. चिच्छायेशी (चैतन्याच्या छायेशी) सहज, देहाशी कर्मज, साक्षीशी भ्रान्तिजन्य. सहज तादात्म्य जोवर दोन्ही बाजू आहेत तोवर सुटत नाही. कर्मज तादात्म्य कर्म संपल्यावर सुटतं. ज्ञानाने सुटतं ते फक्त तिसरं. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. डोकं दुखतंय आणि ‘मी देह नाही, मग दुखतंय कसं?’ असा प्रश्न पडून साधक स्वतःला नापास ठरवतो. ग्रंथाचं उत्तर सरळ आहे: देहाशी जोडलेपण प्रारब्धाने आहे आणि प्रारब्ध असेतोवर भूक, दुखणं, थकवा कळणारच. ज्ञानाने जायचं ते एवढंच, की हे दुखणं साक्षीवर लादून ‘माझं स्वरूपच दुखरं आहे’ असं मानणं. हे तीन धागे वेगळे न करता ‘देहभाव सोडा’ असा सरसकट उपदेश करणारं विवरण वाचकाला उगाच अपराधी करतं. म्हणूनच दुकानात पुस्तक हातात आलं की आधी आठवा श्लोक उघडा. सहज, कर्मज आणि भ्रान्तिजन्य यांचं स्वतंत्र स्पष्टीकरण आणि कोणतं कशाने सुटतं हे तिथे नसेल तर पुस्तक परत ठेवा.

दहा ते बारा हे श्लोक जागृती, स्वप्न, सुषुप्तीचे आहेत. तेरा ते एकोणीसमध्ये मायेच्या दोन शक्ती येतात, विक्षेप (जग उभं करणारी) आणि आवरण (झाकणारी). हा भाग भरभर वाचला तरी चालेल, पण पंधरावा श्लोक पक्का हवा. आवरण दोन जागी काम करतं. आत द्रष्टा आणि दृश्य यांतला भेद झाकतं, बाहेर ब्रह्म आणि सृष्टी यांतला. संसाराचं कारण म्हणून ग्रंथ आवरणाकडे बोट दाखवतो, विक्षेपाकडे नाही. जग दिसतं ही अडचण नाही. म्हणून जग दिसेनासं करण्याची खटपट या पोथीत कुठेच सांगितलेली नाही.

विसावा श्लोक कीर्तन-प्रवचनांतून अनेकांच्या कानावर पडलेला असतो: अस्ति, भाति, प्रिय, रूप, नाम असे प्रत्येक वस्तूत पाच अंश. पहिले तीन ब्रह्माचे, उरलेले दोन जगाचे. समोरचा तांब्या घ्या. ‘तांब्या’ हे नाव, गोलसर आकार हे रूप. तो आहे, तो भासतो, तो हवासा वाटतो. तांब्या ठोकून ताट केलं तर नाव-रूप गेलं, ‘आहे’ आणि ‘भासतो’ तसेच राहिले. इथवर सगळे नीट येतात. आक्षेप तिसऱ्या अंशाला येतो: विंचू आहे, भासतो, पण प्रिय कसा? बरीच सोपी विवरणं हा प्रश्न घेतच नाहीत. ज्यांना पंचदशी माहीत आहे त्यांना उत्तर सापडेल. तिच्या पंधराव्या प्रकरणात सांगितलंय की माती-दगडांत फक्त सत्ता प्रकटते, मनाच्या घोर (खवळलेल्या) आणि मूढ (सुस्त) वृत्तींत सत्ता आणि चैतन्य प्रकटतात, आणि आनंद प्रकटायला शांत वृत्ती लागते. म्हणजे आनंद वस्तूत नाही असं नव्हे, तो दिसायला लागणारी वृत्ती विंचू पाहताना नसते. एवढा संदर्भ जोडणारं विवरण मिळालं तर ते जरूर घ्यावं.

तेवीस ते एकोणतीस हा साधनेचा भाग. त्याच्या आधीचा बाविसावा श्लोक नाम-रूपांची उपेक्षा करून हृदयात किंवा बाहेर समाधी करायला सांगतो. मग सहा प्रकार येतात: आत तीन, बाहेर तीन. आतला पहिला दृश्यानुविद्ध. मनात उठणाऱ्या कामादी वृत्ती दृश्य म्हणून धरायच्या आणि त्यांचा साक्षी म्हणून चैतन्याचं ध्यान करायचं. दुसरा शब्दानुविद्ध. आता वृत्तींचा आधार सोडून ‘मी असंग, सच्चिदानंद, स्वयंप्रकाश, द्वैतरहित आहे’ या शब्दांचा आधार घ्यायचा. तिसरा निर्विकल्प. स्वानुभूतीच्या रसात दृश्य आणि शब्द दोन्ही आपोआप मागे पडतात, वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्यासारखं. बाहेरचे तीन याच क्रमाने, फक्त आधार एखाद्या वस्तूचा: आधी तिच्यातलं नाम-रूप वेगळं काढून सन्मात्र, म्हणजे नुसतं ‘असणं’, पाहायचं, मग अखंड एकरस वस्तूचं सलग चिंतन, मग स्तब्धता.

हा क्रम बदलू नये. दृश्यानुविद्ध न करता शब्दानुविद्धाला हात घातला की ‘मी असंग आहे’ हे निव्वळ घोकणं होतं, आणि घोकणारा कोण हे न तपासल्यामुळे ते वाक्य अहंकाराला चिकटतं. मग माणूस घरात अलिप्तपणाचा आव आणतो. आईचं औषध आणायचं राहून गेलं तरी ‘मी साक्षी आहे’ असं मनात म्हणतो. ग्रंथात असंगपणा साक्षीचा सांगितला आहे. अहंकार तर कर्मात गुंतलेलाच आहे, त्याने औषध आणायचंच आहे. दुसरा घोटाळा ‘रसास्वाद’ या संज्ञेचा. वेदान्तसार या दुसऱ्या प्रकरणग्रंथात लय (झोप), विक्षेप (इथे मनाचं भटकणं), कषाय (सुप्त वासनांनी मन अडणं) आणि रसास्वाद ही निर्विकल्प समाधीतली चार विघ्नं मोजली आहेत, आणि गौडपादांची मांडूक्योपनिषदावरची कारिकाही समाधीतल्या सुखाचा आस्वाद घेऊ नये असं बजावते. इथे मात्र एकोणतिसाव्या श्लोकात रसास्वादाने स्तब्धता येते असं म्हटलंय. तिकडे रस म्हणजे ध्यानात मनाला होणारा आनंद, जो भोगला की मन तिथेच अडकतं. इकडे रस म्हणजे स्वरूपाचीच अनुभूती, सव्विसाव्या श्लोकात आलेली. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणारा इथे हमखास अडखळतो. त्यामुळे दुकानात उघडून पाहायची दुसरी जागा एकोणतिसावा श्लोक.

यातले बरेच श्लोक सरस्वतीरहस्योपनिषदातही आहेत. तिथे ते आधी वाचले असतील तर गोंधळून जाऊ नये, पाठ जवळपास तोच आहे.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. काही आवृत्त्या ३१ श्लोकांवरच थांबतात. एकतिसावा श्लोक मुंडकोपनिषदातला प्रसिद्ध ‘भिद्यते हृदयग्रन्थिः’ हा मंत्र आहे, त्यामुळे तिथे ग्रंथ संपल्यासारखा वाटतो. पुढचे १५ श्लोक मागाहूनचे मानले गेले तरी ते गाळणं हे नुकसानच आहे. बत्तिसाव्यापासून जीवाचे तीन प्रकार येतात: अवच्छिन्न (मर्यादित भासणारं चैतन्य), चिदाभास (बुद्धीतली छाया, हाच व्यावहारिक जीव) आणि स्वप्नकल्पित. यांतला पहिलाच पारमार्थिक, म्हणजे अंतिम अर्थाने खरा. आणि चौतिसावा श्लोक स्पष्ट सांगतो की ‘तत्त्वमसि’सारखी महावाक्यं ब्रह्माशी ऐक्य सांगतात ते या पहिल्या जीवाचं, बाकी दोघांचं नव्हे. हे न वाचल्यामुळे किती गैरसमज होतात! ‘मी ब्रह्म आहे’ म्हणताना नाव-गाव असलेला, नोकरी करणारा, रागावणारा माणूसच ब्रह्म आहे असं धरलं जातं, आणि मग ते एक तर पटत नाही किंवा भलत्याच अर्थाने पटतं. शेवटच्या श्लोकांत पाणी, तरंग आणि फेस यांचा दृष्टान्त आहे. पाण्याची गोडी, पातळपणा, गारवा तरंगात उतरतात आणि तरंगातून फेसात. तसे साक्षीचे सत्-चित्-आनंद व्यावहारिक जीवात आणि त्याच्यामार्फत स्वप्नातल्या जीवात भासतात. लय उलट्या क्रमाने. सातव्या श्लोकात जी छाया फक्त मांडून ठेवली होती, तिचा हिशेब इथे पुरा होतो. म्हणून ४६ श्लोकांचीच आवृत्ती घ्या.

छपाईबद्दल थोडं. मूळ श्लोक, पदच्छेद (संधी सोडवून वेगळे केलेले शब्द), अन्वय (शब्दांचा वाक्यातला क्रम), शब्दार्थ आणि विवरण या क्रमाने असलेली प्रत स्वाध्यायाला बरी. नुसता सरळ अर्थ दिलेली प्रत पाठांतराला चालेल. ‘चिच्छायाऽऽवेशतो’ यातला अवग्रह (ऽ) आणि ‘तप्तायःपिण्डवत्’ यातला विसर्ग नीट छापलेत का ते पाहावं. या दोन जागी हयगय असेल तर पदच्छेदही विश्वासाचा नसतो. इंग्रजीतून वाचायचं तर स्वामी निखिलानंदांची १९३१ साली म्हैसूरच्या श्रीरामकृष्ण आश्रमाने काढलेली आवृत्ती आजही उपयोगी आहे. तिच्या टिपा संयत आहेत आणि पूर्ण ४६ श्लोक आहेत.

आता या पोथीची खरी उणीव. ती वैराग्य शिकवत नाही. विवेक, वैराग्य, शमादी षट्कसंपत्ती (मन आणि इंद्रियं आवरण्यासारखे सहा गुण) आणि मुमुक्षुत्व (मोक्षाची ओढ) ही साधनचतुष्टयाची चौकट वाचकाकडे आधीच आहे असं ती धरून चालते. असंगपणा हा स्वरूपाचा आहे, तो मिळवायचा नसतो, फक्त ओळखायचा असतो. वैराग्य हे मनाचं वळण आहे आणि ते रोजच्या वागण्यातूनच लागतं. पहिलं या पोथीत भरभरून आहे, दुसरं जवळपास नाही. ज्याचं मन पैशाच्या, मानाच्या किंवा एखाद्या भांडणाच्या मागे दिवसभर धावतंय, त्याला दृश्यानुविद्ध समाधीत वृत्ती दृश्य म्हणून धरताच येत नाही. दोष श्लोकाचा नाही, तयारी कमी आहे. मराठी वाचकाचं सुदैव असं की ही तयारी करून देणारं साहित्य त्याच्या भाषेत आहे. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय अमानित्वापासून सुरू होणारी ज्ञानाची लक्षणं एकेक करून विस्ताराने सांगतो. त्यातलं इंद्रियांच्या विषयांबद्दलचं वैराग्य आणि घरदार-बायकामुलांविषयीची अनासक्ती यांवरचा भाग आधी वाचावा. दासबोधातल्या तेराव्या दशकाचा पहिला समास तर आत्मानात्मविवेकावरच आहे. तो ओवीबद्ध आणि सोपा असल्यामुळे संस्कृत न येणाऱ्याने दृग्दृश्यविवेकाच्या पहिल्या पाच श्लोकांसोबत लावून घ्यावा. संज्ञा अडत असतील तर तत्त्वबोध हा छोटा प्राथमिक ग्रंथ जवळ ठेवा. पंचकोश, तीन शरीरं आणि साधनचतुष्टय यांच्या व्याख्या तिथे प्रश्नोत्तरांत मिळतात.

पाचवा श्लोक नीट बसत नसेल तर पुढे रेटू नका. तिथे थांबून पंचदशीचं दहावं प्रकरण, नाटकदीप, वाचा. नाट्यशाळेतला दिवा यजमान, सभासद आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि ती मंडळी निघून गेली तरी जळत राहतो. साक्षी काही ‘करत’ नाही हे तिथे इतकं स्वच्छ मांडलंय की परत पाचव्या श्लोकावर आलं की तो निरीक्षक आपसूक दृश्याच्या बाजूला पडतो, आणि मग सहावा श्लोक वाचायला घ्यायला हरकत नाही.